सिबिल ‘-१’ दाखवतंय, मग पहिलं क्रेडिट कार्ड मिळणार कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २४, चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत काम, पण पे-रोल कॉन्ट्रॅक्टरचा. हातात साधारण २३ हजार येतात, पगार एका सहकारी बँकेत जमा होतो, गाव लातूरकडे, चाकणला दोघातिघांत मिळून खोली. दोन महिन्यांत वेगवेगळ्या ॲपवरून चार-पाच बँकांत कार्डासाठी अर्ज टाकले, सगळीकडून ‘सॉरी’ आलं, सिबिल बघितलं तर -१. आणि शेवटी वैतागून लिहिलंय की कार्ड नाही म्हणून सिबिल नाही आणि सिबिल नाही म्हणून कार्ड नाही, मग सुरुवात माणसाने करायची तरी कुठून. सोबत तीन उपप्रश्न आहेत: मोबाईल ईएमआयवर घेऊ का, भावाच्या कार्डावर ॲड-ऑन (म्हणजे त्याच्याच खात्याला जोडलेलं जादा कार्ड) घेऊ का, आणि टेलिग्रामवर एकजण पैसे घेऊन सिबिल ७५० करून देतो म्हणतोय ते खरं का.

मी बरीच वर्षं एका खासगी बँकेत कार्डांचे अर्ज तपासायच्या टेबलावर होतो, आता पुण्यात लोकांच्या लोनच्या फाइली बघतो, त्यामुळे असे अर्ज आतल्या बाजूने कसे दिसतात ते माहितीये. त्यावरून सांगतो.

पहिली गोष्ट, ते -१ बघून घाबरू नका. मायनस दिसलं की लोकांना वाटतं आपण कुणाचे तरी पैसे बुडवलेत. तसं काही नसतं. सिबिल म्हणजे कर्ज आणि कार्डाचे पैसे तुम्ही कसे फेडता त्यावरून काढलेला स्कोअर, तो ३०० ते ९०० मध्ये असतो आणि -१ चा अर्थ एवढाच की तुमच्या नावावर मोजण्यासारखं काही सापडलं नाही, काही रिपोर्टांत त्याला ‘एनएच’ म्हणतात, म्हणजे ‘नो हिस्ट्री’, जुनी नोंदच नाही. बँकेच्या नजरेत हा कोरा कागद आहे, आणि कोरा कागद डाग पडलेल्या कागदापेक्षा केव्हाही बरा. साडेपाचशे स्कोअरवाल्याला नाही म्हणणारी बँक तुमच्यासाठी एखादी वाट ठेवते, फक्त ती ॲपवरच्या ‘अप्लाय नाऊ’ बटणातून जात नाही.

तुमचा प्रश्न वाचून मला वाटतं खरी अडचण सिबिल नसण्यात कमी आणि बाकीच्या गोष्टींत जास्त आहे. हिस्ट्री नसते तेव्हा बँक दुसरा आधार शोधते, म्हणजे हा माणूस कुठे नोकरी करतो, पगार आमच्याकडे येतो का, घर कुठंय, आमच्याकडे काही ठेव आहे का. तुमच्या बाबतीत यातलं एकही उत्तर त्या बँकांकडे नव्हतं. तुम्ही त्यांच्यासाठी सर्वस्वी अनोळखी, आणि त्यात लागोपाठ चार ठिकाणी मागणी केलेली. तिथेच गाडी अडली.

पण त्याआधी एक तपासा, हिस्ट्री खरंच नाहीये का. आपल्याकडे चार क्रेडिट ब्युरो, म्हणजे लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि प्रत्येकाने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. तो त्यांच्या स्वतःच्या वेबसाईटवरून काढा, स्कोअर दाखवणाऱ्या भलत्या ॲपवरून नको, कारण तिथून तुमचा नंबर एजंटांकडे जातो आणि मग दिवसाला दहा फोन. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती मनातून काढून टाका. आणि फक्त सिबिल बघून थांबू नका, कारण एका ब्युरोत कोरं आणि दुसऱ्यात काहीतरी नोंद, असंही सापडतं.

माझ्याकडे एक मुलगा आला होता, अगदी तुमच्यासारखाच, ‘सर मी आयुष्यात कधी कर्ज घेतलं नाही’ म्हणाला. रिपोर्ट काढला तर त्यात कन्झ्युमर लोन. कॉलेजात असताना दुकानातून मोबाईल घेतलेला, झिरो इंटरेस्ट म्हणून, दुकानदाराने टॅबवर सह्या आणि ओटीपी घेतलेले, याला वाटलं हप्त्याने घेतला एवढंच. शेवटचा हप्ता बाऊन्स झालेला कारण खात्यात दीडशे रुपये कमी होते, आणि ती थकबाकी तशीच पडून. रिपोर्टमध्ये प्रत्येक महिन्याखाली एक चौकोन असतो, त्यात ‘०००’ असेल तर वेळेवर भरलं, आकडा असेल तर तितके दिवस उशीर. या पोराच्या शेवटच्या चौकोनांत आकडा वाढतच गेलेला. त्याच्यासाठी पहिलं काम नवीन कार्ड नव्हतं, ती थकबाकी भरून एनओसी घेणं हे होतं. तर मोबाईल, टीव्ही, ‘पे लेटर’ असलं काही घेतलं असेल, किंवा वडिलांच्या, मामाच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही केली असेल, तर ते आधी आठवून बघा. जामीनदाराच्या रिपोर्टमध्येही ते कर्ज दिसतं. उलट गावाकडच्या पतसंस्थेचं कर्ज तुम्ही कितीही वेळेवर फेडलेलं असो, ते सहसा या रिपोर्टमध्ये येतच नाही, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नाही तर सहकार खात्याच्या अखत्यारीत असतात. भिशीचं तर बोलायलाच नको. त्यामुळे घरात सगळे व्यवहार चोख असूनही मुलाची पाटी कोरी, हे आपल्याकडे घरोघरी आहे.

दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे नाव. ही खास आपली मराठी भानगड आहे. आधारवर आडनाव आधी, पॅनवर स्वतःचं नाव आधी, बँकेत वडिलांचं नाव मध्ये आहे तर कुठे नुसतं इनिशियल, शाळेच्या दाखल्यावर स्पेलिंग तिसरंच. सिस्टीम नाव जुळवून बघते, जुळलं नाही की अर्ज माणसाच्या टेबलापर्यंत पोचतच नाही, आपोआप बाहेर. पॅन, आधार आणि बँक खातं तिन्हीकडे नाव, क्रम आणि जन्मतारीख सारखी आहे का ते एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. नसेल तर आधी ते दुरुस्त करा, कंटाळवाणं आहे पण याचा फायदा पुढे होम लोनपर्यंत होतो.

आता तुमचे अर्ज का उडाले असतील. मी तुमची फाइल बघितलेली नाही त्यामुळे अंदाजच आहे, पण साधारण असं होतं. बऱ्याच मोठ्या बँकांकडे कंपन्यांची यादी असते, त्यात कंपन्यांना दर्जे दिलेले असतात. तुम्ही अर्जात मोठ्या कंपनीचं नाव टाकलं असेल कारण काम तिथेच करता, पण सॅलरी स्लिपवर नाव कॉन्ट्रॅक्टरचं, पीएफमध्येही कॉन्ट्रॅक्टरचंच. तिथे एक तर विसंगती दिसते, किंवा कॉन्ट्रॅक्टरचं नाव टाकलं तर तो यादीतच नसतो. मग पत्ता. आधारवर लातूरकडचं गाव, सध्याचा पत्ता चाकणची खोली, आणि खोलीमालक ॲग्रीमेंट करून देत नाही, चाकण-भोसरी भागात हे नेहमीचंच. व्हेरिफिकेशनवाला आला तर दिवसपाळीला तुम्ही कंपनीत, रूमवरचा पोरगा म्हणतो ‘असं कोणी राहत नाही’ कारण तो कालच राहायला आलाय. रिपोर्ट निगेटिव्ह, संपलं. आणि शेवटी एन्क्वायरी. प्रत्येक अर्जाला बँक ब्युरोकडून तुमचा रिपोर्ट मागवते आणि त्याची नोंद तारखेसकट राहते, कोणी मागवला, कशासाठी, किती रकमेसाठी. हिस्ट्री नसलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये इतर काहीच नसतं, दिसतात त्या फक्त एन्क्वायऱ्या. पाचवी बँक बघते की चौघांनी विचारून सोडलंय, आणि ती कशाला पुढे येईल. म्हणून आजपासून निदान चार-सहा महिने कुठेही ऑनलाइन अर्ज टाकू नका, ‘प्री-अप्रूव्ह्ड’ असा मेसेज आला तरी, कारण त्यातले निम्मे मेसेज जाहिरातीच असतात. खरी प्री-अप्रूव्ह्ड ऑफर तुमचं खातं असलेल्या बँकेच्या ॲपमध्ये लॉगिन केल्यावर, ठरलेल्या लिमिटच्या आकड्यासकट दिसते.

बाय द वे, अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवायचं असं रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक नियमांत आहे. ज्यांनी ‘इंटर्नल पॉलिसी’ एवढंच लिहून पाठवलंय त्यांना मेल करून नेमकं कारण विचारा. उत्तर मोघमच यायची शक्यता जास्त, पण पत्ता किंवा नाव जुळत नाही असं काही असेल तर कळतं, आणि ते तुम्हाला लगेच सुधारता येतं.

आता तो व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड, की पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला सिबिल लागत नाही असा सरकारने नियम केलाय, कुणीतरी तुमच्या प्रश्नाखाली तो टाकलेलाच आहे. त्यात अर्धं खरं आहे. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं होतं की रिझर्व्ह बँकेने किमान स्कोअर असा काही ठरवलेला नाही, आणि पहिल्यांदा येणाऱ्याचा अर्ज केवळ हिस्ट्री नाही म्हणून नाकारू नये असं ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितलेलं आहे. ‘केवळ’ हा शब्द नीट वाचा. बँक नोकरी बघू शकते, उत्पन्न बघू शकते, पत्ता बघू शकते आणि त्यावरून नाही म्हणू शकते, आणि तुम्हाला तेच झालंय असं मला वाटतं. तो मेसेज दाखवून ब्रँच मॅनेजरशी भांडायला जाऊ नका.

मग वाट कोणती? तुमच्या परिस्थितीत मी सरळ एफडीवरचं कार्ड घ्या म्हणेन. चाकणला खोली घेताना मालक तुम्हाला ओळखत नव्हता, डिपॉझिट घेतलं आणि चावी दिली, हेही तसंच आहे. बँकेत एफडी करायची, बँक त्यावर लिएन टाकते म्हणजे कार्ड चालू आहे तोवर ती मोडता येत नाही, आणि तिच्या साधारण ७५ ते ९० टक्के, काही ठिकाणी १०० टक्के लिमिटचं कार्ड मिळतं. एफडीवर व्याज नेहमीसारखं चालूच राहतं. उत्पन्नाचा पुरावा, कंपनीची यादी, सिबिल, यातलं जवळपास काहीच बघत नाहीत, कारण तुम्ही बुडवलं तर बँक एफडी मोडून वसूल करणार. विद्यार्थी, गृहिणी, रिक्षावाले, घरून शिवणकाम करणाऱ्या बायका, सगळ्यांना चालतं. स्टेट बँकेकडून एसबीआय कार्डचं उन्नती, कोटक, ॲक्सिस, आयसीआयसीआय, आयडीएफसी फर्स्ट अशा बऱ्याच ठिकाणी हा प्रकार आहे. किमान एफडी किती ते बँकेनुसार वेगळं आणि अधूनमधून बदलतं, पण १५ ते २५ हजार हाताशी असतील तर बहुतेक ठिकाणी काम होतं.

लोक इथे मला हमखास म्हणतात, ‘माझेच पैसे ठेवून माझ्याच पैशांचं कार्ड, मग उपयोग काय?’ उपयोग हा की हे डेबिट कार्ड नाही. बिल बनतं, तारीख असते, तुम्ही भरता, आणि ती नोंद ब्युरोकडे जाते. रिपोर्टमध्ये प्रकार ‘सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड’ असा लिहून येतो, पण महिन्याचे चौकोन तसेच, ‘०००’ तेच. तुम्ही पैसे कार्डासाठी अडकवत नाही आहात, त्या नोंदीसाठी अडकवताय. तुमच्याकडे आत्ता २५ हजार एकदम नसतील तर घाई करू नका. तीन-चार महिने बाजूला टाका आणि मग एफडी करा. उसने घेऊन एफडी करणं हा मात्र शुद्ध वेडेपणा, तेवढं करू नका. आणि अडीअडचणीसाठी ठेवलेले पैसेही यात घालू नका, कारण घरी दवाखाना निघाला तर ही एफडी त्याच दिवशी मोडता येणार नाही, आधी कार्ड बंद करावं लागेल.

ब्रँचमध्ये जाऊन करा, ॲपवर नको, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगतोय. ॲपमध्ये पत्त्यावर गाडी अडते. ब्रँचमध्ये तुम्ही खातं उघडणार, केवायसी तिथेच होणार, कार्ड कुठे पाठवायचं ते बोलून ठरवता येतं, गावच्या आधारच्या पत्त्यावर मागवलं तरी चालतं, घरचे घेतील. भाडेकरार ऑनलाइन नोंदवून मिळाला तर उत्तमच, मालक तयार नसेल तर त्यावर अडून बसू नका. आणि एक गोंधळ आधीच दूर करतो: स्टेट बँक आणि एसबीआय कार्ड या वेगळ्या कंपन्या आहेत. अर्ज ब्रँचमधून होतो पण पुढे कार्डाची तक्रार घेऊन काउंटरवर गेलात की ते कस्टमर केअरचा नंबर देणार, त्यात त्यांची चूक नसते.

कार्ड निवडताना रिवॉर्ड, लाउंज, सिनेमाची तिकिटं हे सगळं बाजूला ठेवा. तीनच गोष्टी विचारा, वार्षिक फी किती आणि कधीपासून, ‘लाइफटाइम फ्री’ आहे की ‘पहिलं वर्ष फ्री’, कारण सेल्सवाला दोन्ही एकाच सुरात सांगतो. दुसरं, ब्युरोला नियमित रिपोर्ट होतं ना. आणि तिसरं, रुपे नेटवर्कवर (व्हिसा, मास्टरकार्डसारखंच, पण आपलं भारतीय) मिळेल का. रुपे यासाठी की २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, म्हणजे चाकणच्या किराणा दुकानात, मेडिकलमध्ये, पेट्रोल पंपावर तुम्ही नाहीतरी क्यूआर स्कॅन करताच, तोच खर्च कार्डावरून जाईल. मित्राला पैसे पाठवायला ते चालत नाही, दुकानदारालाच चालतं. पण याचीच दुसरी बाजू अशी की वडापाव, चहा, रिचार्ज सगळं कार्डावर जातं आणि महिनाअखेरीला आकडा बघून डोळे पांढरे होतात, तेव्हा यूपीआयवर कार्ड जोडलंत तर ॲपमध्ये रोजची मर्यादा लावून घ्या. फॉर्ममध्ये इन्शुरन्स, ‘कार्ड प्रोटेक्शन’ असे रकाने आधीच टिक केलेले नाहीत ना तेही बघा, सही करायच्या आधी.

आता वापर. २५ हजारांची एफडी, समजा २० हजार लिमिट आलं. महिन्याला चार-पाच हजारांच्या वर जाऊ नका, लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहा. मोठा खर्च आलाच तर बिल बनायच्या आधीच थोडे पैसे भरून टाका, कारण ब्युरोकडे सहसा बिलावरचा आकडा जातो. पेट्रोल आणि किराणा, जे नाहीतरी रोखीने करणारच होतात, तेवढंच कार्डावर. बिल आलं की पूर्ण भरायचं, ‘टोटल अमाउंट ड्यू’. त्याच्या खाली ‘मिनिमम ड्यू’ लिहिलेलं असतं, आणि ते वाचून बँक किती समजूतदार आहे असं वाटतं. हिशोब करून दाखवतो.

५ जूनला १० हजारांची खरेदी. २० जूनला बिल, १० जुलै शेवटची तारीख. तुम्ही मिनिमम म्हणून ५०० भरलेत. कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के धरू, म्हणजे वर्षाला ४२, आणि हे काही जास्तीचं धरलेलं नाही. पूर्ण न भरल्यामुळे बिनव्याजी मुदत गेली, व्याज मागे जाऊन ५ जूनपासून लागलं. १० हजारांवर ३५ दिवसांचं साधारण ४०३ रुपये, मग साडेनऊ हजारांवर २० जुलैपर्यंतच्या १० दिवसांचं १०९, झाले ५१२, त्यावर १८ टक्के जीएसटी ९२. एकूण ६०४. म्हणजे तुम्ही ५०० भरलेत आणि २० जुलैच्या बिलात उभे आहेत १०,१०४. शिवाय मधल्या काळात केलेल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. स्कोअरच्या दृष्टीने मिनिमम भरलं तर उशीर धरत नाहीत हे खरं, पण खिशाच्या दृष्टीने हा खड्डाच आहे. आणि कार्डावरून एटीएममधून रोख काढणं तर विसरूनच जा, तिथे फी वेगळी आणि व्याज त्याच क्षणापासून.

भरायचं विसरू नये म्हणून त्याच बँकेच्या खात्यातून ऑटो-डेबिट लावा, आणि लावताना ‘टोटल’ निवडलंय की ‘मिनिमम’ ते दोनदा बघा, बऱ्याच फॉर्मवर मिनिमम आधीच निवडलेलं असतं. तुमचा पगार सहकारी बँकेत येतो, त्यामुळे ७-८ तारखेला पगार झाला की बिलाची रक्कम या नव्या खात्यात पाठवून ठेवायची सवय लावा. बिलाची तारीख पगाराशी जुळत नसेल तर बदलून मागता येते, निदान एकदा तरी बदलून द्यावी लागते. एखाद्या वेळी चुकलंच तर शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांच्या आत भरा, तोवर लेट फी लागत नाही आणि ब्युरोलाही थकबाकी म्हणून कळवत नाहीत.

इथवरचं थोडक्यात: अर्ज बंद, रिपोर्ट काढून बघायचा, नाव-पत्ता सरळ करायचा, ब्रँचमध्ये एफडी करून साधं रुपे कार्ड, थोडा वापर, पूर्ण बिल. साधारण सहा महिन्यांनी स्कोअर दिसायला लागतो, २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी ब्युरोला माहिती पाठवावी लागते त्यामुळे पूर्वीसारखं महिना-दीड महिना मागे राहत नाही. किती येईल हे विचारू नका, ते कुणीच आधी सांगू शकत नाही, पण बाकी काही बिघडवलं नाही तर सुरुवात बहुतेकांची चांगली होते.

आता तुमचे उपप्रश्न. मोबाईल ईएमआयवर घेऊ का? फोन खरंच हवा असेल आणि हप्ता झेपत असेल तर घ्या, हिस्ट्री त्यानेही बनते. फक्त हिस्ट्रीसाठी २५ हजारांचा फोन घेणं मला पटत नाही, त्याच पैशांत एफडी होते आणि वर्षाने ती तुमचीच असते, फोनचं तेव्हा काय होतं तुम्हाला माहितीये. भावाच्या कार्डावर ॲड-ऑन: वापरायला ठीक, पण जबाबदारी मूळ कार्डवाल्याची असते, हिस्ट्री त्याचीच बनते, बिघडली तर त्याचीच बिघडते. तुमच्या प्रश्नाला ते उत्तर नाही, शिवाय घरात हिशोबावरून खटके उडतात ते वेगळं.

आणि तो टेलिग्रामवाला. ब्युरोतली माहिती बँका पाठवतात, बाहेरच्या माणसाला त्यात हात घालता येत नाही. चुकीची नोंद असेल तर तुम्ही स्वतः ब्युरोच्या साइटवर फुकट तक्रार टाकू शकता, ३० दिवसांत निकाली काढावी लागते, त्यापुढे रोज १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. मग तो पैसे कशाचे घेतो? आधी फी, मग ‘व्हेरिफिकेशन’साठी पॅन-आधार, मग ओटीपी, मग एखादी एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरचं ॲप) इन्स्टॉल करायला लावतो आणि खातं रिकामं. तुम्ही पॅन-आधार आधीच पाठवलं असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी रिपोर्ट बघत राहा, तुमच्या नावावर भलतं लोन निघालेलं नाही ना. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करा, उद्यावर टाकू नका, पहिल्या काही तासांतच पैसे अडवता येतात.

शेवटचं, एफडीशिवायचं कार्ड कधी? हे बरंचसं तुमच्या नोकरीवर आहे. वर्षभर नीट वापरलंत आणि मधल्या काळात कंपनीच्या पे-रोलवर आलात तर त्याच बँकेच्या ॲपमध्ये ऑफर आपसूक येईल, नाही आलात तरी स्वतःच्या बँकेत वर्षभराचं खातं आणि कार्ड बघून बऱ्याचदा देतात. कॉन्ट्रॅक्टर बदलत राहिला, पगार कधी खात्यात कधी रोखीत आला तर वेळ लागेल. अशा वेळी रिटर्न भरायला सुरुवात करा, कर शून्य असला तरी, हातात उत्पन्नाचा एक सरकारी कागद येतो. नवीन कार्ड आलं की जुनं लगेच बंद करायची घाई नको, फी नसेल तर काही महिने दोन्ही चालू द्या, कारण तुमच्या रिपोर्टमधलं सगळ्यात जुनं खातं तेच असणार. पुढे एफडीचे पैसे हवे असतील तेव्हा बाकी शून्य करून मेलवरून बंद करायची विनंती टाका, फोनवर नको. बँकेला ७ कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर पुढे रोज ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात, हा नियम २०२२ पासून आहे आणि मेलमध्ये त्याचा उल्लेख केला की कामं पटकन होतात. कार्ड बंद झाल्याचं पत्र आलं तरी एफडीवरचं लिएन निघालं का ते वेगळं बघा, कारण कार्डाचा विभाग आणि ब्रँच एकमेकांशी बोलत नाहीत आणि कार्ड बंद होऊन एफडी तशीच अडकलेली, हे मी बऱ्याच जणांचं बघितलंय. ते पत्र घेऊन ब्रँचमध्ये जायचं आणि समोर बसून लिएन काढून घ्यायचं.